तुझ्या डाव्या हाताला कोण होतं?

थॉर्नशॉ या खाणगावाच्या रग्बी संघाचा जुना कोच बर्नार्ड म्हणजे शिव्यांचा कारखाना होता. मध्यंतरात भिंतीवर बूट फेकायचे, चहाचा कप फोडायचा, एखाद्याच्या पार आजीपर्यंत जाऊन कूळ काढायचं, हे सगळं तो अगदी मनापासून करायचा आणि गडीही तितक्याच मनापासून ऐकून घ्यायचे. शिव्या खाल्ल्याशिवाय सामना खेळल्यासारखं वाटू नये, अशी सवयच पडली होती. मग बर्नार्डचे गुडघे गेले आणि तो समुद्रकाठी बहिणीकडे राहायला निघून गेला. त्यानंतरच्या आठवड्यात, त्या शांततेत, कपडे बदलायच्या खोलीत नळ गळतोय, हे सगळ्यांना पहिल्यांदा कळलं.

त्याच्या जागी आला विल्फ स्टॅदर्स. हल बंदराचा माणूस, उमेदीची सगळी वर्षं मासेमारीच्या जहाजांवर उत्तरेकडच्या बर्फात घालवलेला. बायको वारल्यावर थॉर्नशॉला लेकीकडे राहायला आला होता. चण लहान, डोक्यावर लोकरीची टोपी, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. पहिल्या दिवशी त्यानं चेंडू पिशवीतून बाहेरच काढला नाही.

"एका ओळीत उभे राहा," तो म्हणाला, तेही इतक्या हळू की टोकाच्या गड्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. "चालत पुढे जायचं, चालत मागे यायचं. प्रत्येकानं डावीकडच्याला नावानं हाक मारायची आणि सांगायचं, मी आहे. बास."

"आणि चेंडू?" क्लाइव्हनं विचारलं. हा क्लाइव्ह म्हणजे दर दुसऱ्या सामन्यात मारामारी करून पंचाकडून बाहेर काढला जाणारा गडी. "की तो पण सुट्टीवर आहे?"

"तो येईल रे. आधी तुम्ही या."

क्लाइव्हनं डोळे फिरवले. बाकीचे फिदीफिदी हसले. संघाचा कप्तान डेरिक टॉर्डॉफ मात्र हसला नाही, कारण डेरिक कशालाच फारसा हसत नसे. ओळीच्या मध्यावर, जिथे समोरचे सगळ्यात जड गडी अंगावर येऊन आदळतात, तिथे तो गेली कित्येक वर्षं उभा होता. आधी खाणीत कोळसा फोडायचा. खाण बंद पडल्यापासून एका गोदामात पहाटपाळी करायचा. बोलणं कमी, काम जास्त. गाव त्याला मान द्यायचं ते त्याच्या खांद्यांसाठी, आणि त्याहून जास्त संपाच्या वर्षासाठी. त्या वर्षात डेरिक एकदाही डगमगला नव्हता.

सामना सुरू झाला की स्टॅदर्स मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि चक्क डोळे मिटून घ्यायचा. पहिल्यांदा लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग कळलं की तो ऐकतोय. मध्यंतरात तो कुणाला शिवी देत नसे, फळ्यावर बाणही काढत नसे. चहा हातात द्यायचा आणि एकेकाला एकच विचारायचा, "तुझ्या डाव्या हाताला कोण होतं?" आणि मग, "तो दमलाय का?"

यावर "मला काय माहीत" असं एकदा म्हणता येतं, दोनदा म्हणता येतं. तिसऱ्यांदा माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागते. हळूहळू गडी एकमेकांकडे बघायला लागले. धावताना कुणाचा श्वास कसा लागतो, कोण कुठल्या पायावर वळतो, हे ज्याच्या त्याच्या लक्षात राहायला लागलं. क्लाइव्हनं मारामाऱ्या सोडल्या. कारण विचारलं तर म्हणाला, "अहो, ओरडून ओरडून दम संपतो. भांडायला उरतोय कुठे?" एकाची बायको तक्रार घेऊन आली, की नवरा झोपेत ओळीतल्या डावीकडच्याचं नाव घेऊन बोंबलतो आणि तो राहतो नेमका भिंतीपलीकडे. संघ सामने जिंकायला लागला होता असं नाही, पण पूर्वीसारखा चोळामोळा होऊन हरत नव्हता. थॉर्नशॉला एवढंही पुष्कळ होतं.

अडचण एकच होती. रग्बी लीगला माणसं लागतात तेरा, आणि खाण बंद पडल्यावर कामासाठी गाव सोडून गेलेले वजा करता संघात उरली होती बारा. एका मंगळवारी स्टॅदर्स तेरावा घेऊन आला. त्याला बघून सगळ्यांचे हात बुटांच्या नाड्यांवरच थांबले. तो होता कीथ टॉर्डॉफ, डेरिकचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघांत अबोला होता. भावाभावांत अबोला कुठे नसतो? पण हा घरच्या भांडणाचा नव्हता, अख्ख्या गावाचा होता. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या संपात थॉर्नशॉची खाण जवळजवळ वर्षभर बंद राहिली. माणसांनी घरातलं सामान विकलं, संपकऱ्यांच्या गावजेवणातल्या सुपावर पोरं वाढवली. आणि संप संपायला थोडेच दिवस उरले असताना, एका थंड सकाळी, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून कीथ कामावर गेला. फाटकाशी उभ्या असलेल्या गर्दीत डेरिक सगळ्यात पुढे होता. बसच्या जाळीतून दोघांची नजरानजर झाली, आणि त्यानंतर एक शब्द नाही. का गेला, हे कीथनं सांगितलं नाही आणि डेरिकनं विचारलं नाही. संप फोडणाऱ्याशी बोलायचं नाही हा थॉर्नशॉचा नियम. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणून खोडताही येत नाही. दुकानात तो आला की पाठ फिरवायची. क्लबात आला की ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायचं. आई गेली तेव्हा दोघा भावांनी शवपेटीला पुढून खांदा दिला, एकानं डाव्या बाजूनं, दुसऱ्यानं उजव्या. पावलं जुळावीत म्हणून अंत्यविधीवाल्याला "डावा, उजवा" म्हणत पुढे चालावं लागलं, कारण हे दोघं एकमेकांना तेवढंही सांगायला तयार नव्हते.

"हा इथे नको," सिरिल म्हणाला. सिरिल ड्रॅन्सफील्ड म्हणजे डेरिकचा शाळेपासूनचा जिवलग, संघाचा बादलीवाला. गडी पडला की गार पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावत जायचं काम त्याचं. संपात सिरिलचं घर गेलं, मागून बायकोही गेली. त्याच्याकडे उरलं होतं ते एवढंच, की आपण वाकलो नाही.

"बरं," स्टॅदर्स म्हणाला. "मग तेरावा तू हो. बूट किती नंबरचे लागतात?"

सिरिलचं पोट पाहून क्लाइव्हला हसू आवरेना. शेवटी तडजोड झाली ती थॉर्नशॉच्या पद्धतीची: कीथनं खेळायचं, पण त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. जगात असा दुसरा संघ असेल असं मला वाटत नाही. तेरा माणसं एका ओळीत हाका मारत उभी आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव कुणाच्याच तोंडी नाही. तो पडला तर सिरिलची बादली जागची हलायची नाही. त्याचा तोच उठायचा आणि बाहीनं रक्त पुसायचा.

आणि स्टॅदर्सनं त्याला उभं केलं नेमकं डेरिकच्या डाव्या हाताला.

डेरिकला वाटलं, परका माणूस आहे, त्याला काय ठाऊक. तो सरावाला यायचा, ओळीत उभा राहायचा, उजवीकडच्या क्लाइव्हची हाक ऐकायचा आणि डावीकडे बघून मूग गिळून गप्प बसायचा. पण त्या बाजूनं काहीच येत नव्हतं असं मात्र नाही. कीथ पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना हाका मारत होता. "डेरिक, मी आहे." प्रत्येक वेळी. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही, अगदी साध्या आवाजात. डेरिकला त्याचा संताप यायचा. आणि खरं सांगायचं तर तो आवाज थेट त्यांच्या बापासारखा झाला होता.

तेरा भरल्यावर चषकाच्या स्पर्धेत संघ कसाबसा उपांत्य फेरीत पोचला, पण त्याआधीच्या एका साध्या सामन्यात शेजारच्या स्कल्बी गावच्या पोरांनी दोघा भावांतला हा अबोला बरोबर हेरला. सगळ्या ओळीत भिंत, आणि दोन टॉर्डॉफांच्या मध्ये दार. त्यांनी पहिल्या अर्ध्यात तीनदा त्याच दारातून चेंडू नेला आणि रेषेपलीकडे टेकवून गुण घेतले. तिसऱ्यांदा तर त्यांचा एक जाडा गडी जाता जाता म्हणाला, "उपकार झाले रे भावांनो, कडी लावू का बाहेरून?"

मध्यंतरात स्टॅदर्सनं सगळ्यांना चहा दिला. डेरिकपाशी येऊन थांबला.

"तुझ्या डाव्या हाताला कोण होतं?"

डेरिक वाकून बुटाची नाडी आवळू लागला.

"शर्ट बदल, डेरिक. दुसऱ्या अर्ध्यात तू बसतोयस."

आजवर डेरिकला बाहेर काढलं होतं ते एकदाच, तेही स्ट्रेचरवरून. "मी? आणि तो खेळणार?" डेरिक उसळला. "बारा जणांत खेळवणार तुम्ही?"

"बाराच खेळतायत महिनाभर. निदान भोक कुठे आहे ते तरी दिसेल." स्टॅदर्सचा आवाज तसाच मऊ होता. "आणि उपांत्य सामन्यात तू हवा आहेस मला. पण ज्याला हाक मारता येत नाही त्याला मी ओळीत उभं करत नाही. मग तो कप्तान असो नाहीतर बिशप."

दुसरा अर्धा डेरिकनं कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी, स्टॅदर्सच्या शेजारी उभं राहून काढला. रागानं त्याची कानशिलं तापली होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तुम्हाला गावातलं काही माहीत नाही."

"लेकीनं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलंय." स्टॅदर्सनं डोळे उघडले नाहीत. "जहाजावर बर्फ फोडायला लागायचं, डेरिक. रात्रंदिवस. नाही फोडलं तर जहाज जड होऊन उलटतं. समोरचा हात दिसायचा नाही असं वारं. मग हाका मारायच्या. एकानं मारली की पुढच्यानं. टॉम नावाचा एक होता आमच्यात. चांगला माणूस, डोक्यानं गरम. पत्त्यांवरून आमचं वाजलं आणि त्यानं माझ्या हाकेला ओ देणं बंद केलं. मी मारायचो, तो गप्प. दोन दिवस चाललं तसं. तिसऱ्या दिवशी पण मारली. ओ आली नाही. मला वाटलं, बसलाय रुसून. बस लेका, म्हटलं, मी पण नाही मारत."

डेरिकनं पहिल्यांदाच मान त्याच्याकडे वळवली.

"चहाच्या वेळी माणसं मोजली तेव्हा कळलं. कधी पाण्यात गेला कुणास ठाऊक." स्टॅदर्सनं टोपी कानांवर ओढली. "रुसलेला माणूस आणि गेलेला माणूस, दोघांचा आवाज सारखाच असतो. तेव्हापासून मी आपला ऐकत बसतो."

सामना संपला तसा स्टॅदर्स निघून गेला. 'येतो' म्हटलं नाही, कारण तो कधीच म्हणायचा नाही. हलच्या कोळ्यांत निरोप घेणं अशुभ मानतात.

घरी डेरिकनं बायकोला, ब्रेंडाला, सगळं सांगितलं. ही ब्रेंडा संपाच्या वर्षात गावजेवणाच्या भांड्यापाशी डाव घेऊन उभी होती. ती पेटून उठेल अशी त्याला खात्री होती. ती कपडे पिळत राहिली.

"शर्ट पाहिजे का राग पाहिजे, ते एकदाचं ठरव," ती म्हणाली. "दोन्ही धुवून मला वीट आलाय."

"मी त्याच्याशी बोललो तर सिरिल माझ्याशी बोलायचा नाही."

"नाहीच बोलणार," ब्रेंडा म्हणाली. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "ते तुझं तू बघ."

हीच त्याची खरी अडचण होती. अंगावरचा शर्ट गेला असता तर त्यानं सोसलं असतं. पण कीथला हाक मारायची म्हणजे सिरिलला गमवायचं, आणि सिरिलबरोबर त्या वर्षातला डेरिकही गमवायचा, जो फाटकाशी सगळ्यात पुढे उभा होता. गाव मान देतं ते त्याच्याच जोरावर. सरावाला तो पुन्हा आला. ओळीत उभा राहिला. तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. स्टॅदर्सनं बराच वेळ ऐकलं. "प्रयत्न केल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. "शनिवारी ये."

शनिवारी उपांत्य सामना पुन्हा त्याच स्कल्बीशी, त्यांच्या मैदानात. चिखल इतका की दोन्हीकडचे शर्ट थोड्याच वेळात एका रंगाचे झाले. थॉर्नशॉ दोन गुणांनी पुढे होतं आणि शेवटची मिनिटं उरली होती. स्कल्बीनं आपलं आवडतं दार पुन्हा ठोठावायचं ठरवलं. त्यांचा तो जाडा गडी दोन टॉर्डॉफांच्या मधोमध रोख धरून सुटला. कीथ त्याच्यावर झेपावायच्या बेतात होता. पण डेरिकला दिसलं की जाड्याचे हात रिकामे आहेत, ही नुसती हूल आहे. चेंडू त्याच्या पाठीमागून लहानखुऱ्या, चपळ पोराकडे निघालाय आणि तो पोरगा कीथला ओलांडून बाहेरून जाणार आहे. कीथला ते दिसणं शक्य नव्हतं.

"कीथ! हा माझा! बाहेरचा घे, कीथ, बाहेरचा!"

आवाज मैदानभर गेला. कीथ मान न वळवता, क्षणाचाही विचार न करता बाहेर फिरला. जणू नऊ वर्षं तो याच एका हाकेसाठी कान देऊन उभा होता. त्यानं त्या पोराला कमरेत धरून चिखलात आडवा केला. चेंडू निसटला. थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

जिंकलो होतो. पण थॉर्नशॉच्या बाजूनं एक टाळी पडली नाही. सगळ्यांनी ते नाव ऐकलं होतं.

कीथ उठला नव्हता. त्या पोराचा गुडघा त्याच्या भुवईवर लागला होता आणि चेहरा रक्तानं माखला होता. सिरिल रेषेवर बादली घेऊन उभा होता, नेहमीसारखा. डेरिक चालत त्याच्यापर्यंत गेला.

"दे इकडे."

"डेरिक," सिरिल हलकेच म्हणाला, "नको करूस हे. मी पाया पडतो तुझ्या."

एवढा अभिमानी माणूस असं बोलला. तरी त्यानं बादलीत हात घालून स्पंज काढला. परत जाऊन गुडघ्यांवर बसला आणि भावाचा चेहरा पुसला. भुवईच्या बाजूला केस पांढरे झालेले होते. हे कधी झालं, त्याला माहीत नव्हतं.

"डोळ्यानं दिसतंय का?"

"दिसतंय," कीथ म्हणाला.

डेरिक मागे वळला तेव्हा बादली रेषेवर होती आणि सिरिल फाटकाकडे चालत निघाला होता.

सामन्यानंतर रीतीप्रमाणे दोन्ही संघ एकत्र जेवले. मटण भरलेली पाई आणि शिजवून घोटलेला वाटाणा. डेरिक कीथच्या समोर बसला. टेबलावरची माणसं ताटात मान घालून जेवत होती. नऊ वर्षांचं बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची? बसपासून? आईपासून? शेवटी डेरिक म्हणाला, "पुदिन्याचा सॉस सरकव."

कीथनं बाटली सरकवली. मग तो म्हणाला, "आई फार घालायची."

"वाटाणा पोहायचा त्यात," डेरिक म्हणाला. दोघं हसले नाहीत, पण जेवले.

अंतिम सामन्यात आम्ही सपाटून हरलो, त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. कीथ त्या दिवशी बसमध्ये का चढला, हे त्यानं पुढे एकदा डेरिकला सांगितलं. कारण काही फार मोठं नव्हतं, आणि सांगितल्यानं सगळं माफ झालं असंही नव्हतं. डेरिकनं ते कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा मीही सांगत नाही.

सिरिलनं बादली सोडली. तो डेरिकशी बोलत नाही. दुकानात दिसला की पाठ फिरवतो, क्लबात ग्लास उचलून उठतो, अगदी नियमाप्रमाणे. आपण इतकी वर्षं कीथला काय देत होतो, हे डेरिकला आता सिरिलच्या फिरवलेल्या पाठीकडे बघून कळलं.

गोदामातून सुटल्यावर घरी येताना डेरिकची वाट गावच्या भाजीच्या वाफ्यांवरून जाते. तिथे कुंपणापलीकडे सिरिल आपल्या लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्याच्या, वाफ्यात काम करत असतो. डेरिक रोज कुंपणापाशी थांबतो.

"सिरिल," तो म्हणतो, "मी आहे."

उत्तर येत नाही. मान वर होत नाही. जाणारे-येणारे आता हसतसुद्धा नाहीत, इतकी सवय झालीय. पण डेरिक लगेच हलत नाही. डोळे मिटून घेतो, स्टॅदर्ससारखे, आणि ऐकतो. त्याची हाक गेली की मातीत चाललेलं फावडं थांबतं. थोडा वेळ थांबलेलंच राहतं. मग पुन्हा चालू होतं.

म्हणजे अजून तो आहे. डेरिक टोपी सारखी करतो आणि घराकडे चालू लागतो.